ज्या गाडीला ब्रेकच नसतो, तिचा ब्रेक निकामी कसा होईल?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर स्पीडवे मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक सांघिक स्पर्धेची बातमी वाचली. वाचली म्हणण्यापेक्षा पाहिली म्हणावे लागेल, कारण मजकूर पाच ओळींचा होता आणि त्याच्या डोक्यावर तीन स्तंभ व्यापणारे छायाचित्र होते. गाडी हवेत, स्वार जमिनीवर आणि भोवती मातीचा लोट. त्या पाच ओळींत ‘चौथ्या फेरीत ब्रेक निकामी झाल्याने’ स्वार कठड्यावर आदळला, सुदैवाने बचावला आणि प्रेक्षकांनी थरार अनुभवला, एवढेच होते. स्पर्धा कोणत्या देशाने जिंकली, दुसरा कोण आला, किती गुणांचा फरक राहिला, याचा पत्ता नव्हता.

मी चाळीस वर्षे सोलापुरात मोटारसायकलींची इंजिने खोलण्याचे आणि बसवण्याचे काम केले आहे, म्हणून आधी ब्रेकबद्दल लिहितो. स्पीडवेच्या गाडीला ब्रेक नसतो. पुढच्या चाकाला नाही, मागच्याही नाही, आणि हे नियमानेच आहे. चार स्वार हातभर अंतरावरून एकाच वळणात शिरत असताना एकाने ब्रेक दाबला, तर मागचे तिघे त्याच्या अंगावर येतील. म्हणून वेग आवरायचा तो रेस कमी करून आणि गाडी आडवी घसरवून. पाचशे सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन, चालवताना बदलता येईल असा गिअर नाही, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, आणि सगळ्या गाडीचे वजन पाऊण क्विंटलच्या थोडे वर. आमच्या दुकानात येणारी साधी शंभर सीसीची गाडीसुद्धा त्याहून जड असते. मिथेनॉल थंड जळते, त्यामुळे सिलिंडरमधला दाब इतका वाढवता येतो की त्याच दाबावर पेट्रोल घातले तर पिस्टनला भोक पडेल. इंजिनात एवढा जोर आणि खाली सैल माती, म्हणून मागचे चाक सतत बाहेरच्या अंगाला घसरत राहते. वळण डावीकडे असते आणि स्वाराने हँडल मात्र उजवीकडे फिरवलेले असते. डाव्या बुटाला पोलादी तळवा बांधलेला असतो, तो जमिनीवर घासत नेत तोल सांभाळायचा. नवशिक्या पोराला सायकल शिकवताना आपण जे जे करू नकोस म्हणतो, नेमके तेच हे लोक मिनिटभर करत असतात.

मिनिटभर म्हणालो ते मोजून म्हणालो. एका शर्यतीत साधारण तीनशे-साडेतीनशे मीटरच्या लंबगोल मार्गावर चार फेऱ्या मारायच्या, घड्याळाच्या उलट दिशेने. मिनिटाच्या आसपास खेळ संपतो. आपल्या बातमीतील ‘चौथ्या फेरीत’ या शब्दांमुळे माझा घोळ झाला तो इथेच. चौथी शर्यत म्हणायचे होते की एखाद्या शर्यतीतली चौथी फेरी, हे शेवटपर्यंत कळले नाही. मराठीत या खेळाबद्दल फारसे लिहिले जात नसल्याने शब्द पक्के झालेले नाहीत, हे मान्य. परंतु चार स्वारांच्या एका झुंजीला ‘शर्यत’ आणि मार्गाच्या एका वेढ्याला ‘फेरी’ एवढी वाटणी केली, तरी पुष्कळ गोंधळ मिटेल. उपसंपादकांनी ती करून पाहावी.

आता मूळ तक्रारीकडे येतो. ही सांघिक स्पर्धा आहे, आणि सांघिक स्पर्धेत पडलेल्या माणसापेक्षा तिसऱ्या आलेल्या माणसाची बातमी मोठी असते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चार देश असतात. प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एक स्वार उतरतो. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला शून्य. म्हणजे एका शर्यतीत सहा गुण वाटायचे. वीस शर्यती झाल्या की १२० गुण संपले आणि ज्याच्या पदरात सर्वांत जास्त पडले तो देश जगज्जेता. एखाद्या देशाकडे कितीही मोठा एकांडा शिलेदार असला, तरी प्रत्येक शर्यतीत तोच उतरू शकत नाही. बाकीच्यांनी शून्याऐवजी एक आणला की नाही, यावर सारा हिशेब येऊन ठेपतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात राहतात. २०२३च्या जुलैत मी त्यांच्याकडे गेलो होतो आणि त्याच आठवड्यात तिथल्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये विश्वचषक होता. २०१७नंतर ही स्पर्धा या स्वरूपात झालीच नव्हती. मधल्या काळात तिच्या जागी प्रत्येक देशाच्या जोडीची ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ ही स्पर्धा चालू होती. जावयाने अंतिम सामन्याची तिकिटे काढली. मला वाटले होते की आपल्याकडच्यासारखी शिट्ट्या मारणारी तरुण पोरे असतील. प्रत्यक्षात शेजारी सत्तरीच्या पुढची एक आजीबाई येऊन बसली, पिशवीतून छापील कार्यक्रमपत्रिका काढली, पेन्सिलीला टोक केले आणि पत्रिका गुडघ्यावर पसरली. त्या पत्रिकेत वीस शर्यतींचे वीस तक्ते छापलेले होते, स्वारांची नावे होती, आणि गुण लिहिण्यासाठी कोरी घरे होती.

पहिल्या शर्यतीपासून शेवटच्या शर्यतीपर्यंत ही बाई लिहीत होती. सुरुवातीच्या रेषेवरच्या आडव्या फिती झपकन वर जात, चारही गाड्या एकदम सुटत, पहिल्या वळणात मातीचा फवारा उडे, आणि गाड्या समोरून जाताना पेट्रोलपेक्षा अगदी वेगळा, काहीसा गोडसर वास नाकात शिरे. तेवढा वेळ ती सर्वांसारखीच ओरडत असे. शर्यत संपली की मात्र चश्मा सारखा करून चार आकडे चार घरांत, आणि बाजूच्या रकान्यात एकूण बेरीज. चार देशांच्या स्वारांना ओळखू यावे म्हणून शिरस्त्राणांवर लाल, निळा, पांढरा आणि पिवळा असे रंग असतात. ते रंग पाहून मीही बोटांवर हिशेब करू लागलो. मला पोलिश येत नाही, तिला इंग्रजीही येत नव्हती. एकदा मी तिसरा कोण आला ते चुकीचे सांगितले, तेव्हा तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, लिहिलेला आकडा खोडरबराने पुसला आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. पुढच्या शर्यतीचे आकडे मी लिहिले. तिने ते तपासले आणि मग पेन्सिल परत घेतली. बहुधा माझ्या अक्षरावर तिचा विश्वास बसला नसावा.

मधूनमधून शर्यती थांबत. ट्रॅक्टर येऊन बाहेर फेकली गेलेली माती पुन्हा आत ओढत, पाण्याचा टँकर एक वेढा मारून जाई. धुरळा बसावा आणि चाकाला पकड मिळावी यासाठी ही सगळी खटपट. किती पाणी मारले आणि माती कुठे जमा झाली यावर पुढची शर्यत आतल्या बाजूने जिंकायची की बाहेरच्या, हे ठरते, असे जावयाने सांगितले. शेतात वाफा भिजवणाऱ्याला यातले बरेचसे न सांगता कळेल.

त्या रात्री पोलंड ३३ गुणांनी जिंकला आणि ग्रेट ब्रिटन ३१ गुणांवर राहिले. फरक दोन गुणांचा. वीस शर्यतींत कुठेतरी दोन वेळा एका ब्रिटिश स्वाराला शेवटच्या वळणावर चौथ्याचा तिसरा होता आले असते, तर बरोबरी झाली असती. आजीबाईने शेवटची बेरीज दोनदा करून पाहिली आणि मग पत्रिकेला घडी घातली. बार्तोश झ्मार्झलिक हा त्यांचा अनेकदा वैयक्तिक विश्वविजेता झालेला स्वार त्या संघात होता आणि त्याच्या नावाने मैदान दणाणत होते, हे खरे. पण तिच्या कागदावर त्याचा तीन आणि दुसऱ्याचा एक सारख्याच आकाराचे होते.

जोडीच्या स्पर्धेत तर तिसऱ्याचे हे मोल नियमातच घातले आहे. तिथे एका शर्यतीत दोनच देश, प्रत्येकाचे दोन स्वार. अलीकडच्या वर्षांत गुण ३-२-१-० असे न देता ४-३-२-० असे देतात. आता बेरीज करून पाहा. एका देशाचा स्वार पहिला आला आणि त्याचा जोडीदार शेवटी राहिला, तर चार गुण. दुसऱ्या देशाचे दोघे दुसरे आणि तिसरे आले, तर पाच. पहिला आलेला देश ती शर्यत हरतो. यात छायाचित्रासारखे काही नाही, पण हे समजले की पाहणाऱ्याची नजर पुढच्या गाडीवरून आपोआप मागच्या दोघांवर जाते. २०२१ साली मँचेस्टरला ग्रेट ब्रिटनने ही स्पर्धा जिंकली, ते १९८९नंतर त्यांच्या वाट्याला आलेले पहिले जागतिक सांघिक विजेतेपद होते. बत्तीस वर्षे थांबलेल्या देशाची ती बातमी मी आपल्याकडे एका ओळीतही वाचल्याचे आठवत नाही.

१९८९ हे साल आले म्हणून धोक्याचेही बोलले पाहिजे, नाहीतर मी अपघात दडवा असे सुचवतो आहे, असा समज व्हायचा. त्या वर्षी सांघिक विश्वचषकाचा अंतिम सामना इंग्लंडमधील ब्रॅडफर्डला होता. डेन्मार्क १९८३पासून १९८८पर्यंत सलग सहा वर्षे जिंकत आलेला होता. एरिक गुंडरसन हा तीन वेळा वैयक्तिक जगज्जेता झालेला त्यांचा स्वार पहिल्याच शर्यतीत चौघांच्या टकरीत सापडला. तो वाचला, परंतु पुन्हा कधीही शर्यतीत उतरू शकला नाही. इंग्लंड जिंकले. मी ज्या व्रोत्सवाफच्या मैदानात बसलो होतो, त्याच मैदानात २०१२ साली लीग सामन्यात झालेल्या अपघातामुळे ली रिचर्डसन हा इंग्लिश स्वार मृत्युमुखी पडला. कठड्यांना आता हवा भरलेल्या गाद्या असतात आणि स्वाराच्या मनगटाला एक दोरी असते. तो गाडीवरून पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडते. हे सगळे अशाच अपघातांतून शिकत आलेले आहे. तेव्हा अपघाताची बातमी जरूर द्यावी, पण गाडीचे काय बिघडले ते खरे द्यावे, स्वाराचे नाव द्यावे, तो कसा आहे ते द्यावे. आपल्या छायाचित्राखाली ‘थरार’ हा शब्द होता आणि नाव नव्हते.

असे का होते, याचे कारण मला वाटते ते आपल्या गड्ड्याच्या जत्रेत आहे. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर ‘मौत का कुआँ’ लागतो आणि लाकडी फळ्यांच्या त्या विहिरीत गरगर फिरणारी मोटारसायकल पाहत आपण सगळे लहानाचे मोठे झालो. तिकडे हात सोडून चालवणाऱ्याला नोटा दिल्या जातात. तिथे जिंकणे-हरणे नसते, पडतो की राहतो एवढेच असते. परदेशातल्या धुरळ्यातल्या गाड्यांचे चित्र आले की आपल्या मनात नकळत तीच विहीर उभी राहते. गंमत अशी की स्पीडवेची सुरुवातही जत्रेतच झाली असे बहुतेक जण मानतात. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावी १९२३च्या डिसेंबरात कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर जत्रा भरली होती, ते प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेचे चिटणीस जॉनी हॉस्किन्स यांनी लोकांची करमणूक म्हणून गवताच्या मैदानाभोवतीच्या वर्तुळात विजेच्या दिव्यांखाली मोटारसायकली पळवल्या. आपल्याही यात्रेत कृषी प्रदर्शन भरते. फरक इतकाच पडला की तिकडे कुणीतरी गुण मोजायला बसले. १९६० साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पहिला सांघिक विश्वचषक झाला आणि यजमानांनीच तो जिंकला, तेव्हापासून तो हिशेब चालू आहे.

हा खेळ मोठ्या देशांचा किंवा मोठ्या शहरांचा आहे, असाही एक समज मला आढळतो. १९७९ साली हा चषक न्यूझीलंडने नेला. त्या वेळी त्या साऱ्या देशाची लोकसंख्या एकतीस लाखांच्या आसपास होती, आणि २०११च्या जनगणनेप्रमाणे एकट्या सोलापूर जिल्ह्याची त्रेचाळीस लाख आहे. डेन्मार्कमधील व्होयन्स हे सात-आठ हजार वस्तीचे गाव. तिथे ओले ओल्सन या तीन वेळच्या विश्वविजेत्याने १९७०च्या दशकात उभारलेल्या मैदानावर एकट्या या शतकात २००३, २००८, २०१० आणि २०१५ असे चार वेळा विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. पोलंडमधील लेश्नो पंढरपुराहून लहान आहे, तेही याच काळात तीन वेळा यजमान होते. २०१२चा सामना तर स्वीडनमधल्या मोलिल्ला या जेमतेम दीड हजार वस्तीच्या खेड्यात झाला. हे खेडे त्यांच्या देशात उकाड्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे चौकात प्रचंड मोठा तापमापक उभा केला आहे, आणि १९४७ साली नोंदलेले ३८ अंश हा त्यांच्या अभिमानाचा विषय आहे. आपल्याकडे ३८ अंशांना लोक मार्चमध्ये पंखा लावतात. एवढ्यावर तापमापक उभारायचे ठरले, तर सात रस्त्याला जागा पुरायची नाही. हे विषयांतर झाले, माफ करावे.

माझ्या पिढीला या खेळाचा एक धागा ओळखीचाही आहे. म्हैसूरच्या कारखान्यातून निघणारी जावा आणि पुढे तिचीच येझदी, १९९६मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत, आमच्यासारख्या मिस्त्र्यांची भाकरी होती. त्या टू-स्ट्रोक गाडीच्या किक आणि गिअरचा एकच दांडा, दोन सायलेन्सर, तेलकट निळा धूर, हे सांगायला नको. व्रोत्सवाफला एका जुन्या गाडीच्या टाकीवर मी ‘जावा’ वाचले, तेव्हा मी जावयाचा हात धरून थांबलो. चेकोस्लोव्हाकियातील दिव्हिशोव्ह गावी ‘एसो’ नावाचा कारखाना स्पीडवेच्या गाड्या बनवत असे. १९६४ साली तो जावात विलीन झाला आणि पुढे वर्षानुवर्षे जगातले नामांकित स्वार जावाच्या इंजिनावर जिंकले. आम्ही विजापूर वेशीजवळ ज्या नावाच्या गाडीचे कार्बोरेटर साफ करत होतो, त्याच नावाच्या, पण फोर-स्ट्रोक आणि बिनब्रेकच्या गाडीवर तिकडे जगज्जेते होत होते, आणि आम्हाला त्याची वार्ताही नव्हती. ती देण्याचे काम वर्तमानपत्राचे होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

आणखी एक शब्द सांगतो. पोलिश भाषेत या खेळाला ‘झुझेल’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ जळक्या कोळशाचा चुरा, कारण पूर्वी शर्यतीच्या मार्गावर तोच अंथरत. आमच्या लहानपणी गिरणीच्या बॉयलरमधून निघालेला असला काळा चुरा आमच्या चाळीच्या बोळात पसरलेला असे, आणि त्यावर सायकल घसरून फुटलेल्या गुडघ्यात तो बसला की महिनाभर निघत नसे. माझ्या उजव्या गुडघ्यावर त्याचा निळसर ठिपका अजून आहे. जावयाने शब्दाचा अर्थ सांगितल्यावर मी तो ठिपका त्याला दाखवला.

सोलापुरात यासाठी मैदान बांधा, पार्क स्टेडियमच्या कडेने मातीचा मार्ग काढा, असली मागणी मी करत नाही. ज्या शहरात पिण्याचे पाणी दिवसाआड आले तरी लोक समाधान मानतात, तिथे माती भिजवायला टँकर मागण्याचे धाडस माझ्याने होणार नाही. रात्री विजापूर रस्त्यावर सायलेन्सर फोडून गाड्या उडवणाऱ्या पोरांना या खेळाकडे वळवता येईल का, हाही वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, तो या पत्रात आणत नाही. माझी मागणी वर्तमानपत्राच्या आवाक्यातली आहे. पुढच्या वेळी ही सांघिक स्पर्धा होईल, तेव्हा तीन स्तंभांचे छायाचित्र दोन स्तंभांचे करावे आणि वाचलेल्या जागेत गुणतक्ता छापावा. देशांची नावे, प्रत्येक स्वाराचे गुण आणि एकूण बेरीज, एवढे पुरे. क्रिकेटच्या धावफलकात अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाने काढलेली एक धावही आपण छापतो, मग जगज्जेतेपद ज्या एका गुणावर ठरते, तो गुण मिळवणाऱ्याचे नाव छापायला अडचण येऊ नये.

व्रोत्सवाफच्या मैदानातून निघताना त्या आजीबाईने भरलेली पत्रिका मला देऊन टाकली होती. तिच्या घरी अशा कितीतरी असतील, असे जावई म्हणाला. त्या पत्रिकेची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे. तक्ता कसा मांडायचा यासाठी ती आपल्या क्रीडा विभागाच्या उपयोगी पडेल. एका शर्यतीपुढचे आकडे वेगळ्या अक्षरात आहेत, ते माझे. मूळ प्रत पेन्सिलीची असल्याने पुसट होत चालली आहे, त्यामुळे ती टपालाने पाठवत नाही. आपल्या कार्यालयातून कोणी येणार असल्यास संध्याकाळी पाचनंतर मी दुकानातच असतो. दुकान आता मुलगा पाहतो.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त इंजिन मिस्त्री,
विजापूर वेस, सोलापूर